शिकायला बाहेर जा, प्रश्न आसगावचा ने

बारावी झाली, मार्क बरे पडले आणि तू घरात सांगून मोकळी झालीस की मला पर्यावरणाचा अभ्यास करायचा आहे. नर्सिंग नको, पोलीस भरती नको. काकांनी, म्हणजे तुझ्या बाबांनी, विचारलं, "झाडं मोजून पोट भरते का पोरी?" आणि तू मला फोन लावलास. फोनवर बोलले ते घाईघाईत. आता सावकाश लिहिते. एकदा स्वतः वाच, मग काका-काकूंनाही वाचून दाखव.

तुझा विचार चांगला आहे, हे आधी सांगते. मी याच विषयात शिकले आणि त्यावरच माझं पोट चालतं, म्हणून हे ऐकीव सांगत नाही. पण एक गोष्ट तुझ्या मनावर ठसवायची आहे. शिकायला नागपूरला जा, पुण्याला जा, जमलं तर डेहराडूनला जा. जाताना प्रश्न मात्र आपल्या आसगावचा, वैनगंगेकाठच्या या चौरासचा घेऊन जा. गावचा प्रश्न सोबत असला की वर्गात शिकवलेलं प्रत्येक सूत्र तू त्याला लावून बघशील. तो नसला तर व्याख्या पाठ होतील, पेपर सुटेल आणि वर्षभरात सगळं विसरायला होईल.

कॉलेजात गेलीस की पर्यावरणाचा एक पेपर सगळ्यांनाच असतो, कला-वाणिज्यवाल्यांनाही. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये दिलेल्या निर्देशांपासून हा विषय शिक्षणात सक्तीचा होत गेला. हेतू फार मोठा होता. पण बऱ्याच ठिकाणी त्याचं झालं काय, तर 'प्रदूषणाचे प्रकार लिहा' आणि 'ओझोनचा थर म्हणजे काय'. त्यामुळे मुलांना वाटतं, पर्यावरण म्हणजे माणसाने केलेल्या नासधुशीची यादी. परिसरशास्त्र त्याहून वेगळं आहे. ते नात्यांचं शास्त्र आहे. कोण कोणाला खातं, कोण कोणाच्या आधाराने जगतं, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, एका ठिकाणी हात लावला तर दुसरीकडे काय हलतं, हे बघायचं. त्या नात्यांत माणूसही आला. आपण बाहेर उभे राहून बघत नाही, आपणही त्यातलेच.

हे नुसतं सांगून पटणार नाही. धानाच्या बांधीत चल.

2017 चा खरीप तुझ्या कदाचित लक्षात नसेल, लहान होतीस. त्या साली भंडारा-गोंदियात तुडतुड्याने धान खाल्ला. कापणीला आलेलं पीक मधोमध गोल-गोल जळाल्यासारखं वाळत गेलं. मग पंचनामे झाले, नुकसानभरपाईच्या याद्या लागल्या. हा किडा आहे केवढा? रोवणीनंतर महिना-दीड महिन्याने बांधीत उतर, एक चूड दोन्ही हातांनी फाकव आणि पाण्याच्या वर दोन-चार बोटं, बुडाशी बघ. तांदळाच्या दाण्याहून लहान, तपकिरी, बोट जवळ नेलं की बाजूला तिरका सरकणारा. तो खोडातला रस ओढतो. वरून बांधी हिरवीगार दिसते, म्हणून धुऱ्यावर उभं राहून तो कधीच दिसत नाही.

आता तशीच वाकून आणखी थोडी थांब. त्याच चुडात तुला लहान लहान कोळी दिसतील. पाण्यावर पाय पसरून पळणारे किडे दिसतील. पानांवर चतुरांच्या जातीच्या बारीक टाचण्या बसलेल्या असतील. तुडतुड्याची अंडी शोषून खाणारा एक बारीक हिरवट ढेकूणही असतो, नजर बसली की तोही सापडतो. ही सगळी तुडतुड्यावर जगणारी मंडळी. ती आहेत तोवर तुडतुडा असूनही नसल्यासारखा.

मग तो माजतो कधी? युरिया जास्त पडला की पान लुसलुशीत होतं, रस त्याला अधिक मानवतो आणि त्याची पिलावळ वाढते. रोवणी दाट झाली की बुडाशी हवा-ऊन जात नाही, त्याला तेच हवं असतं. खरिपामागोमाग उन्हाळी धान लागला की त्याला वर्षभर घर मिळतं. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे घाईने मारलेली फवारणी. तुडतुडा अंडी घालतो पानाच्या आवरणाच्या आत, तिथपर्यंत औषध पोचत नाही. वरचे कोळी, टाचण्या, ढेकूण मात्र मरतात. आठ-दहा दिवसांनी अंडी फुटतात आणि पिल्लं बाहेर येतात ती शत्रू नसलेल्या बांधीत. शेतकऱ्याला वाटतं औषध कमी पडलं, तो आणखी कडक औषध आणतो.

हे कोडं आपल्याच बांधीतलं नाही. इंडोनेशियात सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत हेच झालं. सरकार कीटकनाशकांवर सवलत देत होतं आणि तुडतुडा वाढत चालला होता. शेवटी 1986 मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी धानावरच्या 57 कीटकनाशकांवर एका आदेशाने बंदी घातली. पुढे शेतकऱ्यांच्या शेतशाळा सुरू झाल्या. तिथे शेतकरी दर आठवड्याला बांधीत उतरून किडे मोजायचे, किती तुडतुडे, किती कोळी, आणि मगच फवारायचं की नाही ते ठरवायचे. शिकलेल्यांनी मोजायची रीत दिली, निर्णय शेतकऱ्यांनी घेतला. परिसरशास्त्र पोट भरतं का, असं काकांनी परत विचारलं तर त्यांना हे सांग.

पण सांगताना एक पथ्य पाळ. पहिल्या वर्षाची पुस्तकं वाचून घरी येऊन बापाला शिकवायला बसू नकोस. फवारणी करणारा माणूस अडाणी नसतो. त्याच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज असतं आणि समोर वाळत चाललेली बांधी असते. अशा वेळी कृषी केंद्रवाला जे हातात देईल ते तो मारतो. तू त्यांच्यासोबत चिखलात उतर, चूड फाकवून दाखव, दोघं मिळून मोजा. एका बांधीत दर दोन-तीन मीटरवर पट्टा सोडून रोवणी करून बघा, एकीत नेहमीसारखी. मळणीला दोन्हींचा हिशेब मांडा. तुझ्या आयुष्यातला तो पहिला प्रयोग असेल आणि त्यात तुझा जोडीदार तुझा बाप असेल.

आता तलावांकडे ये. आपल्या चौरासात जिकडे बघावं तिकडे बोअर, पण साकोली, लाखनी, अर्जुनी मोरगावकडे गेलीस की दर गावाला तलाव दिसतो. पूर्व विदर्भात असे हजारो माजी मालगुजारी तलाव आहेत, आपण ज्यांना मामा तलाव म्हणतो. गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला त्याखालची जमीन मिळायची, अशी परंपरा सांगतात, आणि त्या कामात कोहळी समाजाचा हात धरणारं कोणी नव्हतं. नवेगावबांधचा अफाट तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचं सांगतात. यंत्र नाही, नकाशा नाही. जमिनीचा उतार डोळ्याने ओळखायचा, दोन टेकड्यांच्या मध्ये मातीची पाळ घालायची, पाणी सोडायला तुडूम ठेवायचा आणि जास्तीचं पाणी निघून जायला सलंग. एका तलावाचं सलंगाचं पाणी खालच्या तलावात, तिथून पुढच्या बोडीत. पाऊस वाया जाऊ द्यायचा नाही, हा हिशेब त्या रचनेतच होता.

तलाव तीन-चारशे वर्षं टिकले ते मातीच्या मजबुतीने नाही. त्यामागे माणसांची व्यवस्था होती. पाळ कोणी दुरुस्त करायची, गाळ कोणी काढायचा, कोणाच्या बांधीला आधी पाणी, ढिवरांनी मासे कधी धरायचे, हे सगळं ठरलेलं असायचं. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली. ती जायलाच हवी होती, त्यात जुलूमही होता. तलाव सरकारकडे आले. पण मालगुजारासोबत ती व्यवस्थाही मोडली आणि तिच्या जागी दुसरी नीट बसलीच नाही. गाळ साचला, पाळीवर आणि पोटात अतिक्रमणं झाली, बेशरम नावाचं झुडूप माजलं, आणि मासेमारीत रोहू-कतल्याचं बियाणं सोडणं एवढंच काम उरलं. स्थानिक मासे कमी झाले, तसं ढिवर बायकांचं बाजारातलं टोपलंही हलकं झालं.

इथे तुला एक नाव सांगते, ते लक्षात ठेव. मनीष राजनकर आणि त्यांचं भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ. त्यांनी ढिवर समाजासोबत बसून तलावांचा अभ्यास केला. कोणती पाणवनस्पती कुठे उगवते, कोणता मासा तिच्या आडोशाला अंडी घालतो, कोणता पक्षी कशासाठी उतरतो, हे ढिवरांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं. ते ज्ञान त्यांनी नोंदलं आणि पुढे त्याच ज्ञानाने तलाव सुधारायला घेतले. बेशरम उपटली, तळ तयार केला, पाण्यात वाढणाऱ्या, पाण्यावर तरंगणाऱ्या आणि काठाच्या अशा स्थानिक वनस्पती परत लावल्या. पाण्यात रोपं लावणं म्हणजे काय, हे अनेकांना पहिल्यांदा कळलं. वनस्पती आल्या तसे गावठी मासे आले, पाखरं आली. या कामात ढिवर बायका पुढे राहिल्या, त्यांनी मासेमारी संस्थांमध्ये आणि ग्रामसभेत आपली जागा मागितली.

यातून मला जे कळलं ते तुला सांगते. गावात ज्याचं पोट थेट तलावावर, जंगलावर अवलंबून असतं, त्याची नजर सगळ्यात बारीक असते. तुझ्या पदवीला त्या नजरेची जोड लागेल. याचं उदाहरण म्हणजे मारुती चितमपल्ली. ते सोलापूरचे, वनखात्याच्या नोकरीने नवेगावबांधला आले. तिथल्या माणसांकडून, गोंड-ढिवरांकडून ते पक्ष्यांची, झाडांची नावं शिकले, आणि ते सगळं त्यांनी मराठीत आणलं. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांची पुस्तकं तालुक्याच्या वाचनालयात मिळतील, इंग्रजी पुस्तकांना हात लावायच्या आधी ती वाच. आपल्या मातीवर आपल्याच भाषेत इतकं बारीक लिहिता येतं, हा विश्वास त्यातून येईल.

तिसरा प्रश्न नदीचा, आणि तो सगळ्यात अवघड. वैनगंगा मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाट-भंडाऱ्यातून आपल्याकडे येते आणि पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते. तिच्या काठी माणूस फार जुना. पवनीला 1969-70 च्या उत्खननात बौद्ध स्तूप सापडला, म्हणजे दोन हजार वर्षांहून अधिक काळ ही नदी माणसांना पोसते आहे. त्याच पवनीजवळ गोसीखुर्दचं धरण आहे. 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींनी त्याची पायाभरणी केली. सुरुवातीचा अंदाज 372 कोटींचा होता, 2009 मध्ये धरण राष्ट्रीय प्रकल्प झालं आणि खर्च कित्येक पटींनी वाढला. अडीच लाख हेक्टर सिंचनाचं उद्दिष्ट आहे. ज्यांच्या शेतात कालव्याचं पाणी पोचलं त्यांच्यासाठी धरण वरदान आहे. ज्यांची गावं पाण्यात गेली, ज्यांना पुनर्वसनाच्या वसाहतीत नळाला पाणी यावं म्हणून मोर्चे काढावे लागले, त्यांना विचार, ते वेगळं सांगतील. दोघंही खरं बोलतात.

आणि त्या जलाशयात नुसतं पावसाचं पाणी नाही. नागपूर शहरातून वाहणारी नाग नदी सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेला, आणि ते सगळं धरणात येऊन थांबतं. वाहत्या नदीत घाण पुढे जाते, विरळ होते. अडवलेल्या पाण्यात ती साचते. त्यातल्या नत्र-स्फुरदावर जलपर्णी पोसते, ती पसरली की खालच्या पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात. नागपूरच्या कोणा घरातल्या मोरीचा पवनीच्या ढिवराच्या जाळ्याशी असा संबंध आहे. परिसरशास्त्र शिकणारीने हा संबंध कागदावर रेघ ओढून दाखवला पाहिजे. आणि ऑगस्ट 2020 च्या अखेरचा महापूर तर तू डोळ्यांनी पाहिलास. वर मध्य प्रदेशातल्या धरणातून पाणी सुटलं, भंडाऱ्यापासून खाली लाखांदूरपर्यंत गावं वेढली गेली. नदी जिल्ह्याची हद्द मानत नाही, म्हणून तिचा अभ्यासही एका तालुक्यात संपत नाही.

नदीबद्दल मत बनवायची घाई करू नकोस, एवढंच या बाबतीत सांगते. धरण वाईट की चांगलं, या वादात विशीतल्या मुलांना फार जोर येतो. तू आधी विचार: फायदा कोणाला, किंमत कोणी मोजली, आणि ती मोजणाऱ्याला कोणी विचारलं होतं का? हे तीन प्रश्न कुठल्याही प्रकल्पाला लाव, रस्ता असो, खाण असो, सौरऊर्जेचा पट्टा असो.

आता थोडं जगाचं. 2009 मध्ये योहान रॉकस्ट्रॉम या शास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी पृथ्वीच्या नऊ मर्यादा मांडल्या: हवामान, जैवविविधता, गोडं पाणी, जमिनीचा वापर, नत्र-स्फुरदाचं चक्र, अशा. या मर्यादांच्या आत राहिलो तर पृथ्वी आपल्याला सांभाळू शकते, असा त्यांचा मुद्दा. 2023 च्या फेरहिशेबात नवांपैकी सहा ओलांडल्याचं निघालं, नत्र-स्फुरदाचं चक्र त्यात आहे. वर्गात हे आलेख बघशील तेव्हा ते परग्रहावरचं वाटू देऊ नकोस. तो नत्र म्हणजे आपल्या पडवीत रचलेली युरियाची पोती. शाश्वत विकास हा शब्द 1987 च्या ब्रुंटलँड अहवालाने जगभर नेला: आजची गरज अशी भागवा की पुढच्या पिढीची अडणार नाही. आपल्या आज्यांनी धानाचं बियाणं कोठीत वेगळं राखलं, उपास पडला तरी त्याला हात लावला नाही. त्यांनी हा अहवाल वाचला नव्हता. भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला आज भौगोलिक मानांकन आहे, त्यामागे ते राखलेलं बियाणं आहे.

माणसाचं आणि पृथ्वीचं नातं कसं असावं, यावर मोठमोठे ग्रंथ आहेत. मला विचारशील तर आपल्या शेजारच्या गडचिरोलीतलं मेंढा-लेखा बघून ये. धानोरा तालुक्यातलं लहानसं गोंड गाव. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने तिथे अभ्यासगट सुरू झाला. लोक जमायचे, जंगल, बांबू, कायदा, असा एकेक विषय घेऊन चर्चा करायचे, आणि निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीने व्हायचा. 2006 चा वनहक्क कायदा आला तेव्हा हे गाव तयार होतं. 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक हक्क मिळाला, देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत ते होतं. पुढे आपला बांबू आपण विकायचा अधिकारही त्यांनी झगडून घेतला. तिथल्या लोकांनी विद्यापीठ पाहिलं नव्हतं, पण अभ्यास केला, नोंदी ठेवल्या, कायदा वाचला. अभ्यासाने हक्क मिळतो आणि हक्क मिळाला की राखायची जबाबदारी अंगावर येते, हे मी तिथून शिकले.

आता तुझ्या कामाचं, म्हणजे पुढे काय करायचं.

पवनीला किंवा भंडाऱ्याला बी.एस्सी. कर: वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र. पायाचे विषय पक्के असू देत, 'पर्यावरण' हे नाव पदवीवर लगेच नसलं तरी बिघडत नाही. पुढे एम.एस्सी.ला पर्यावरणशास्त्र नागपूर विद्यापीठात आहे. नागपुरातच 'नीरी' ही राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे, 1958 पासूनची. पाणी-हवा-सांडपाण्यावर तिथे काम चालतं. गडचिरोलीला 2011 पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. वन्यजीवांकडे ओढा असेल तर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था. प्रवेशपरीक्षा कठीण, पण आपल्या जिल्ह्यातल्या मुलीला जंगल नवीन नाही, ती तुझी जमेची बाजू. पुण्यात प्रकाश गोळे यांनी 1982 मध्ये स्थापलेली इकॉलॉजिकल सोसायटी आहे, तिचा अभ्यासक्रम शेतात-डोंगरात फिरवून शिकवतो. पदवीनंतर त्याचा विचार कर.

नोकरीचं खरं सांगते, कारण काका तेच विचारणार. वनरक्षकाची भरती बारावीवर होते, विज्ञानवाल्यांना चालते. लोकसेवा आयोगाच्या वनसेवेतून वनपरिक्षेत्र अधिकारी, सहायक वनसंरक्षक होता येतं. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळा, प्रकल्पांचे पर्यावरणीय आघात तपासणाऱ्या कंपन्या, पाणलोटाचं काम करणाऱ्या संस्था, शिक्षकी पेशा, असे मार्ग आहेत. पहिली काही वर्षं पगार थोडा असतो, कामं मुदतीची असतात. इंजिनिअर झालेल्या मैत्रिणीशी तुलना करशील तर मन खट्टू होईल. म्हणून बी.एस्सी.च्या काळातच दोन हत्यारं हाताशी घे: संख्याशास्त्र आणि नकाशा. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, कॉलेजच्या संगणकावर चालतं. ज्या मुलीला आकडे मांडता येतात आणि नकाशा काढता येतो, ती घरी बसत नाही. इंग्रजी वाचायची सवय रोज थोडी थोडी लाव. शोधनिबंध इंग्रजीत असतात, त्याला इलाज नाही. समजलं की मराठीत लिहून काढ, तेव्हाच ते खरं समजलं का ते कळतं.

कॉलेज सुरू व्हायला अजून अवधी आहे. तोवर एक वही घाल. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. त्यात रोज तारीख टाकून पाच ओळी लिही. पाऊस पडला का, किती वेळ. मोह कधी फुलला, त्याला टोळीची फळं कधी लागली. पहिला बेडूक कधी ओरडला. रोवणी कोणत्या नक्षत्रात झाली. कोणता पक्षी आला, कोणता दिसेनासा झाला; सारस दिसला तर ठिकाणासकट लिही, गोंदिया-भंडाऱ्यात तो फार थोडा उरला आहे. वाडीतल्या विहिरीचं पाणी दोरीने माप. सरकारची भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे मध्ये मोजते, तूही त्याच महिन्यांत मोज. तीन वर्षांच्या नोंदी हातात आल्या की त्यांच्यापुढे कोणालाही बोलताना विचार करावा लागेल, कारण आपल्या गावाच्या अशा नोंदी कोणी ठेवलेल्याच नाहीत.

दुसरं, कागद वाच. तलाठ्याकडे गावचं निस्तार पत्रक माग. सरपण, चराई, माती, तलाव यांवर गावाचे काय हक्क आहेत ते त्यात लिहिलेलं असतं आणि विदर्भातल्या बहुतेक तरुणांना ते माहीतच नसतं. ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही कुठे आहे ते विचार. 2002 च्या कायद्याने दर पंचायतीला ही समिती बंधनकारक आहे. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी ज्या कल्पनेसाठी जन्म वेचला ती हीच, की लोकांनी आपल्या परिसराची नोंद आपण करावी. वही कोरी असेल किंवा कोणा ठेकेदाराने भरलेली असेल, तर भरायला तू बस. म्हाताऱ्या बायकांजवळ बसून रानभाज्या लिहून घे, ढिवरांकडून मासे, गुराख्यांकडून गवतं. ज्याने सांगितलं त्याचं नाव त्या पानावर टाक. दुसऱ्याचं ज्ञान आपल्या नावावर खपवणं, ही आपल्या विषयातली सगळ्यात मोठी चोरी आहे.

एकटी जंगलात जाऊ नकोस. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य जवळ आहे, वाघ शेतशिवारापर्यंत येतात. नागझिऱ्याचा 'जय' वाघ नदी आणि महामार्ग ओलांडून याच जंगलात आला होता, हे तुला ठाऊक आहे. मोहफुलं वेचायला बायका टोळीने जातात, तशी टोळीने जा, घरी सांगून जा. धाडस दाखवायला हा अभ्यास नाही.

आणि मनाचं एक. या विषयात वाईट बातम्या रोज वाचाव्या लागतात. हिमनद्या, जंगलं, वणवे, आटलेल्या नद्या. कॉलेजातल्या दुसऱ्या वर्षी बऱ्याच मुलींना वाटायला लागतं की आता काही होणे नाही. तसं वाटलं की मला फोन कर आणि दुसऱ्या दिवशी हाताने करायचं काहीतरी काम धर. बोडीतली बेशरम उपट, रोपवाटिकेत पिशव्या भर, शाळेतल्या पोरांना टाचण्या ओळखायला शिकव. हताश होऊन घरात बसणारीचा पृथ्वीला काही उपयोग नाही. लग्नाची बोलणी सुरू होतील तेव्हाही स्पष्ट सांग की शिक्षण पुरं होईपर्यंत थांबायचं आहे. मी काकांशी बोलेन, ती जबाबदारी माझी.

काका, हे तुमच्यासाठी. पोरगी झाडं मोजायला निघालेली नाही. तुमची बांधी, बोअरचं पाणी आणि नदी पुढच्या पिढीला कशी पुरेल, हे शिकायला ती निघाली आहे. चौरासला याचीच गरज आहे. तिची फी भरा.

आणि तू, प्रवेशाचा अर्ज या आठवड्यात भर. येत्या ग्रामसभेला जा, मागे बसू नकोस, आणि उभी राहून विचार की आसगावची जैवविविधता नोंदवही कुठे आहे.